दोन्ही उलटीचीच औषधं, पण मेंदूत एकच शिरतं

फार्मसीच्या एका विद्यार्थ्यानं विचारलंय: ट्रान्सपोर्टर प्रथिनं, म्हणजे पेशीच्या आवरणातून पदार्थ आत-बाहेर नेणारी प्रथिनं, औषधाला मेंदूत जाऊ देतात की नाही हे कसं ठरतं? औषध बाहेर फेकणारे पंप बंद करून ते आत का घालत नाहीत? आणि बी.फार्म. करून शेवटी मेडिकलच टाकायचं असेल तर हे सगळं शिकून उपयोग काय?

पहिल्या दोन प्रश्नांवर मी काही लिहिलं नसतं, तुमचे सर सांगतील. तिसरा वाचला आणि दुकानाचं शटर ओढून लिहायला बसले. नाशिकरोडला जेल रोडवर माझं मेडिकल आहे. काउंटरमागच्या बाईचं काम म्हणजे पट्टी कापणं आणि सुट्टे परत करणं, असं गिऱ्हाइकांना वाटतं, नातेवाइकांनाही वाटतं, आणि आता फार्मसीच्या मुलांनाही वाटायला लागलंय. तर ऐका.

रक्त-मेंदू अडथळा (मेंदूच्या केशवाहिन्यांची, रक्तातलं सरसकट आत न सोडणारी भिंत) काय असतो, टाइट जंक्शन (त्या भिंतीतल्या पेशींमधले घट्ट सांधे) कुठे असतात, हे तुम्हाला येतं असं धरते. बहुतेकांचं डोकं पुढच्या वाक्याला अडकतं: "चरबीत विरघळणारं औषध मेंदूत जातं, पाण्यात विरघळणारं जात नाही." परीक्षेत याला मार्क मिळतात. पण जुलाबावरचं लोपेरामाइड घ्या. चरबीत छान विरघळतं, आणि अफू ज्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या ज्या जागेवर, बसते त्याच कुळातल्या जागेवर बसतं. मग जुलाबाची गोळी घेतलेला माणूस गुंगीत का जात नाही? कारण केशवाहिनीच्या पेशीच्या आवरणात औषध शिरतं न शिरतं तोच पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून त्याला परत रक्तात ढकलतो. हा पंप पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला असतो. त्याच्या जोडीला बीसीआरपी नावाचा दुसरा. चरबीत विरघळणं हा फार तर अर्ज झाला, मंजुरी हे देतात.

आता माझ्या घरची गोष्ट. सासरे, म्हणजे अण्णा, नोट प्रेसमधून निवृत्त. पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, निघाल्यापासून त्यांच्या गोळ्यांच्या वेळा मी सांभाळते. मोठे दीर सिडकोत राहतात, अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहेत. माणूस वाईट नाही. पण घरात एकजण क्वालिटीला असला की पोळीचा व्याससुद्धा मोजला जातो.

द्राक्षांच्या हंगामात मी माहेरी निफाडला गेले होते, आणि अण्णा तेवढ्यापुरते भाऊजींकडे. सिन्नरला कुणाचा तरी साखरपुडा होता, तिथे अण्णा जेवले आणि रात्री उलट्या सुरू झाल्या. भाऊजींनी त्यांना जवळच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रीतसर विचारलं, आणखी कुठली औषधं चालू आहेत का? भाऊजी म्हणाले, बीपीची गोळी आहे. कंपवाताबद्दल अवाक्षर नाही. का, तर "तो आजार हाताचा, हा त्रास पोटाचा." हे मला जाऊबाईंनी नंतर सांगितलं, भाऊजी आजही कबूल करत नाहीत. डॉक्टरांनी उलटीचं इंजेक्शन दिलं, वर तीन वेळा घ्यायच्या गोळ्या लिहिल्या. उलट्या थांबल्या. भाऊजी खूश.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाऊबाईंचा फोन. अण्णांना कुशीवर वळता येत नाहीये. घास तोंडाजवळ नेतात आणि हात तिथेच थांबतो. बोलताहेत ते कळत नाही. मी म्हटलं, गोळीच्या पट्टीचा फोटो पाठवा. मेटोक्लोप्रमाइड. त्यांच्या न्यूरोलॉजिस्टना फोन लावला, ते म्हणाले ताबडतोब बंद करा, पार्किन्सन्सची नेहमीची गोळी लेव्होडोपा चालू ठेवा, उद्या दाखवायला आणा. मी मिळेल त्या एसटीनं परत आले. अण्णांचा चेहरा असा झाला होता की माझी मुलगी त्यांच्याजवळ जाईना. पूर्वीसारखे व्हायला बरेच दिवस गेले.

अण्णा सुधारल्यावर आमच्यात जी जुंपली तिला अजून तड लागलेली नाही. भाऊजींनी मला अगदी ऑडिटला बसवल्यासारखं विचारलं:

"तू काय दिलं असतंस?"

"डोमपेरिडोन. तेही त्यांच्या डॉक्टरांना विचारून."

"ते काम कसं करतं?"

"डोपामिनचा डी-२ रिसेप्टर अडवतं."

"आणि हे दिलं ते?"

"तेही तोच अडवतं."

भाऊजी खुर्चीत मागे रेलले. "मग झालं तर. काम एक, जागा एक, नावं दोन. तुमच्या धंद्यात असंच चालतं. म्हातारं माणूस आहे, उलट्यांनी गळून गेलं, एवढंच. आणि हे बघ, तू दुकान चालवतेस, डॉक्टर नाहीस."

तिथे जमलेल्या सगळ्यांना ते पटलं. मी पुढे बोलायला लागले तर कुणीतरी चहा आणला. म्हणून तेव्हा राहिलेलं इथे लिहिते, तुमच्या निमित्तानं.

डोपामिन म्हणजे मेंदूतला निरोप पोचवणारा रेणू, पार्किन्सन्समध्ये तोच कमी पडतो. दोन्ही औषधं त्याचीच जागा अडवतात, म्हणजे काम एकच आहे हे खरं. जागा मात्र दोन आहेत. उलटीची सूचना जिथून उठते तो एरिया पोस्ट्रेमा मेंदूतल्या चौथ्या विवराच्या, म्हणजे द्रवानं भरलेल्या पोकळीच्या, तळाशी असतो, आणि तिथल्या केशवाहिन्यांना हा अडथळा जवळजवळ नसतोच. रक्तात विष आलं तर ते तपासायला मेंदूची एक जागा उघडी हवी, म्हणून ती उघडी. त्यामुळे तिथला डी-२ रिसेप्टर अडवायला औषधाला मेंदूच्या आत शिरावंच लागत नाही. हालचाल सांभाळणारा स्ट्रायटम मात्र पक्क्या भिंतीच्या आत. डोमपेरिडोन त्या भिंतीशी गेलं की पी-ग्लायकोप्रोटीन त्याला परत फेकतं, म्हणून उलटी थांबते आणि हातपाय मोकळे राहतात. मेटोक्लोप्रमाइड पुरेसं अडवलं जात नाही. ते आत जातं, आणि अण्णांच्या मेंदूत जे थोडंफार डोपामिन उरलंय त्याच्याच जागेवर जाऊन बसतं. दोन्ही औषधांची रिसेप्टरवरची किल्ली सारखी, पण पंपाच्या लेखी ती दोन वेगळी माणसं आहेत.

हे मी मनानं सांगत नाही. हा पंप सापडला १९७६ साली, टोरांटोला ज्युलियानो आणि लिंग यांना, आणि तोही मेंदूत नव्हे तर कोल्चिसिन या औषधाला दाद न देणाऱ्या हॅमस्टरच्या पेशींत. तेव्हा सगळ्यांचं लक्ष कॅन्सरवर होतं. मेंदूतलं त्याचं काम उघड झालं ते जवळजवळ अपघातानं. ॲमस्टरडॅमच्या नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये आल्फ्रेड शिंकेल आणि सहकाऱ्यांनी या पंपाचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. उंदीर धडधाकट, वरून काही फरक दिसेना. मग उंदीरखान्यात माइट (अंगावरचे बारीक किडे) झाले, म्हणून नेहमीप्रमाणे आयव्हरमेक्टिन हे किडे मारणारं औषध फवारलं. साधे उंदीर ठणठणीत राहिले, पंप नसलेले पटापट मेले. तपासलं तर आयव्हरमेक्टिनचा धोका त्यांना सुमारे शंभर पटीनं जास्त होता, कारण ते सरळ मेंदूत साठत होतं. हे १९९४चं. दोन वर्षांनी त्याच लोकांनी इतर औषधं तपासली. त्यात लोपेरामाइड होतं, आणि भाऊजी, डोमपेरिडोनही होतं. पंप काढला की ते मेंदूत शिरतं. पंप असला की बाहेर.

कुत्र्यांमध्ये हे निसर्गानंच करून ठेवलंय. कॉली जातीच्या पुष्कळ कुत्र्यांत याच जनुकातली चार अक्षरं गळालेली असतात, हे २००१ साली दाखवलं गेलं. गोचिडांसाठी सर्रास देतात तेवढ्या आयव्हरमेक्टिननं ती कोमात जाऊ शकतात. माझ्याकडे शिंदे-पळशाकडून शेळ्या पाळणारे येतात. शेळीचं उरलेलं इंजेक्शन कुत्र्याला चालेल का, असं विचारतात. मी आधी जात विचारते, तर हसतात. "ताई, कुत्र्याला कसली आलीये जात?" बहुतेक वेळा गावठीच असतं, तरी मी जनावरांच्या डॉक्टरकडेच पाठवते. हसणं परवडतं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माणसंही आयव्हरमेक्टिन मागायला रांगेनं येत होती, आणि त्यांच्या मेंदूला काही होत नव्हतं ते याच पंपामुळे. विषाणूला त्या गोळीनं काही झालं का, हा वेगळा वाद, त्यात आज शिरत नाही.

हे झालं बाहेर फेकणाऱ्यांचं. आत घेणारेही असतात, आणि तिथे आमचा दुसरा वाद आहे.

डोपामिन स्वतः मेंदूत जात नाही, म्हणून लेव्होडोपा देतात. ते एक अमिनो आम्ल आहे आणि लॅट-१ नावाच्या वाहकावर बसून आत जातं. सोबतच्या कार्बिडोपाचं काम लेव्होडोपाचं बाहेरच डोपामिन होऊ न देणं, आणि कार्बिडोपा मेंदूत शिरत नाही म्हणूनच ते ते काम नीट करतं. औषध आत न जाणं हासुद्धा गुण असतो, हे तुमच्या वर्गात कुणी सांगत नाही.

तर हा लॅट-१ काही लेव्होडोपासाठी बनलेला नाही. तो ल्यूसिन, आयसोल्यूसिन, फेनिलॲलानिन अशी जेवणातल्या प्रथिनांतून येणारी अमिनो आम्लं वाहून नेण्यासाठी आहे. सीबीएसवरून नाशिकरोडला येणारी शेअर रिक्षा समजा. जागा ठरलेल्या, आणि जेवणानंतर ल्यूसिनचं अख्खं वऱ्हाड स्टँडवर उभं. लेव्होडोपा बसणार कुठे?

भाऊजींनी काय करावं? अण्णा बारीक झाले म्हणून मुंबईहून प्रोटीन पावडरचा डबा आणला, आणि संध्याकाळची गोळी त्या पावडरच्या दुधाबरोबर द्यायला सुरुवात केली. "रिकाम्या पोटी गोळी उष्ण पडते." दुपारची गोळी वरण-भात-दह्यावर. सकाळची तेवढी चहाबरोबर, म्हणून सकाळी अण्णा अंगणात फेऱ्या मारायचे आणि संध्याकाळी दाराच्या उंबऱ्याशी पाय खिळायचे. भाऊजींचं निदान: डोस कमी पडतोय, वाढवा.

याचंही उत्तर जुनं आहे. १९८४ साली अमेरिकेत नट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांना लेव्होडोपा थेट शिरेतून दिलं, म्हणजे पोटाचा प्रश्नच काढून टाकला. रक्तातलं प्रमाण स्थिर. मग प्रथिनांचं भरपूर जेवण दिलं किंवा ल्यूसिन, फेनिलॲलानिन यांच्यासारखी अमिनो आम्लं दिली. रुग्ण पुन्हा आखडले, आणि रक्तातलं लेव्होडोपा होतं तेवढंच होतं. ग्लायसिन आणि लायसिन दिलं तेव्हा काही बिघडलं नाही, कारण ती दोघं या वाहकावर बसतच नाहीत. मला विचाराल तर अख्ख्या फार्माकोलॉजीत याच्याइतका देखणा प्रयोग कमी असेल. औषध रक्तात हजर, मेंदूत गैरहजर. इथे डोस वाढवून काय साधणार, थोडं जास्त जाईलही, पण बाकीचं मळमळ आणि चक्कर बनून अंगावर येणार.

न्यूरोलॉजिस्टना विचारून मी वेळा बदलल्या. गोळी जेवणाच्या पाऊण तास आधी, मळमळलं तर सोबत मूठभर मुरमुरे. डाळ, अंडं, पनीर बरंचसं रात्री. पावडरही रात्री. प्रथिनं कमी केली नाहीत, हलवली. यावर भाऊजींनी फॅमिली ग्रुपवर लिहिलं की म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवतात. अण्णा दुपारी पेपर धरून वाचायला लागले, त्यावर ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही.

मध्येच एकदा भाऊजी खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण घेऊन आले, "नैसर्गिक आहे" म्हणून. त्यात लेव्होडोपा असतं हे बरोबर, आपल्याकडे कंपवातावर ते पूर्वीपासून देतात. पण लॅट-१ला बी कुठलं आणि कारखाना कुठला हे कळत नाही. गोळ्या चालू असताना वर ते घ्यायचं म्हणजे मोजमाप नसलेला जादा डोस. क्वालिटीच्या माणसानं बॅच-टू-बॅच फरक विचारू नये याचं मला आश्चर्य वाटलं. तसं बोललेही.

असो. पंप बंद करण्याचा प्रश्न राहिला. थोडक्यात सांगते. प्रयत्न झाले, चांगले झाले, आणि बरेचसे फसले. व्हेरापामिल, सायक्लोस्पोरिन पंपाला अडवतात, पुढे खास त्यासाठी व्हाल्स्पोडार, टॅरिक्विडार बनवली. कॅन्सरच्या चाचण्यांत त्यांच्यामुळे औषधाचा गुण वाढण्याऐवजी विषारीपणा वाढला, कारण हाच पंप आतडं, यकृत आणि मूत्रपिंडातही असतो. तो बंद केला की औषध सगळ्याच शरीरात तुंबतं. आणि माणसाच्या मेंदूत फायदा उंदरांइतका होतही नाही. २००५च्या एका पेट स्कॅनच्या (औषध शरीरात कुठे पोचलं ते दाखवणाऱ्या तपासणीच्या) अभ्यासात सायक्लोस्पोरिन देऊनही मेंदूतलं व्हेरापामिल (हा पंप त्यालाही बाहेर फेकतो) दुपटीपर्यंत गेलं नव्हतं. उलट, नको तिथे पंप अडला तर काय होतं हेही दिसलंय: २००० साली निरोगी माणसांना लोपेरामाइडसोबत पंप अडवणारं क्विनिडिन दिलं तेव्हा त्यांच्या श्वासावर परिणाम झाला. जुलाबाच्या गोळीनं! कुणी घरी असले उद्योग करू नयेत, जास्त लोपेरामाइड हृदयाची लय बिघडवतं.

मग शहाण्यांनी उलटा रस्ता धरला. पंपाशी भांडायचं नाही, पंपाला ओळखूच येणार नाही असं औषध बनवायचं. फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरवरचं लोर्लाटिनिब असंच घडवलंय, त्याला अमेरिकेत २०१८ साली मंजुरी मिळाली. मेंदूत पसरलेल्या गाठींवरही ते चालतं. आणि बरोबर उलटं उदाहरण तुमच्या घरात असेल: सर्दीच्या क्लोरफेनिरामिननं पेंग येते, फेक्सोफेनाडिननं सहसा येत नाही, कारण त्याला हाच पंप बाहेर ठेवतो. माझ्याकडे येणारे ट्रकवाले ॲलर्जीची गोळी मागतात तेव्हा मी डॉक्टरांना फोन करून कुठली ते विचारून घेते. सिन्नर घाटात पेंगणारा ड्रायव्हर कुणाला हवाय?

आता काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या, त्या इथे. प्रथिनांचा हा त्रास पार्किन्सन्सच्या प्रत्येक रुग्णाला जाणवत नाही. आजार जुना झाला, गोळीचा असर मध्येच उतरायला लागला की जास्त जाणवतो. वजन घटत असेल तर जेवणाचं वेळापत्रक आपल्या मनानं बदलू नका. लोहाची गोळीही लेव्होडोपाबरोबर नको, पण ती भांडणं पोटातली आहेत, मेंदूच्या दारातली नाहीत. डोमपेरिडोन म्हणजे खडीसाखर नव्हे. हृदयाची लय त्यानं बिघडू शकते, म्हणून २०१४ साली युरोपात त्यावर मर्यादा घातल्या: मोठ्यांना दिवसाला जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅम, तेही थोडे दिवस. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा केटोकोनॅझोल चालू असताना तर नकोच. आणि मेटोक्लोप्रमाइडही वाईट औषध नाही, भाऊजींच्या दवाखान्यातले डॉक्टरही चुकले नाहीत. त्यांना जे सांगितलं त्यावर त्यांनी बरोबर औषध दिलं. सांगणाऱ्यानं काय सांगितलं हा मुद्दा आहे, आणि तो मी सोडणार नाही.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल. अण्णांच्या फाइलला मी वरच लाल शाईनं एक कागद लावलाय, आणि आता पार्किन्सन्सचं प्रिस्क्रिप्शन घेऊन येणाऱ्या प्रत्येक घराला तसाच लिहून देते: आजाराचं नाव, गोळ्यांच्या वेळा, आणि खाली टाळायच्या औषधांची, डॉक्टरांना दाखवायची यादी, मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, फ्लुनारिझिन. यातल्या शेवटच्या तीन गोळ्या "चक्कर येतेय, काहीतरी द्या" म्हटलं की चिठ्ठीशिवाय देणारे कमी नाहीत. तुम्ही मेडिकल टाकाल तेव्हा ही मागणी पहिल्याच आठवड्यात तुमच्या काउंटरवर येईल. घरात कुणाला कंप आहे का, एवढं विचारा आणि मगच हात कपाटाकडे न्या.